तळाशी राहिलेला सोरा

(दुपार. प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले साहेब, तिथे एकेकाळी भांडी धुणाऱ्या बाईंच्या घरी आले आहेत.)

बाई : पाणी घ्या आधी. आणि त्या भांड्याचं नका काढू साहेब, अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

साहेब : त्याच्यासाठीच आलोय.

बाई : चूक माझीच. सोऱ्याचं भांडं घासायचं राहिलं, तुम्ही त्यातच नायट्रेट वितळवलंत. अख्खा घाणा नासला.

साहेब : नासला नव्हता.

बाई : मला काढलं त्या कागदावर तसंच होतं. सही केली मी.

साहेब : कागद मीच लिहिला होता. ऐका. रॉकेटच्या नळीत हवा नसते. इंधन जळायला लागणारा प्राणवायू इंधनातच कालवावा लागतो. आधीच्यांनी बंदुकीच्या दारूतला सोरा वापरला, मग परक्लोरेट आलं. जळतं झकास, पण धूर असा, की रॉकेट कुठून सुटलं ते आंधळ्यालाही कळावं. म्हणून आम्ही अमोनियम नायट्रेटच्या मागे लागलो. त्याला धूर नाही, पण खोड वाईट. बत्तीस अंशांवर गेलं की त्याचे स्फटिक रूप बदलतात, फुगतात. इंधनाच्या वडीला तडे जातात. तडकलेली वडी पेटवली की नळीच फुटते.

बाई : माहितीय की. तुकडे मीच भरायचे.

साहेब : सहा वर्षं डोकं फोडलं आम्ही. आणि तुमच्या त्या भांड्यातली वडी तडकली नाही.

बाई : म्हणजे?

साहेब : वीस वेळा तापवली, वीस वेळा गार केली. केसाएवढी चीर नाही. तळाशी राहिलेल्या सोऱ्याने स्फटिकांना धरून ठेवलं होतं.

बाई : मग मला काढलं कशाला?

साहेब : सोरा मी विचार करून घातला, असं शोधनिबंधात लिहिलं. खरं काय ते तुम्हाला ठाऊक होतं. आज ना उद्या कुणाजवळ तरी बोलला असतात.

बाई : तुमचे पाय धरले होते मी.

साहेब : हो.

बाई : तुम्ही म्हणालात, 'पुढच्या ठिकाणी तरी नीट हात चालवा.'

साहेब : म्हणालो. तुमच्याकडे बघवत नाहीये मला. बाई, त्या संशोधनाचा इतिहास आता छापतायत. त्यात मी सगळं खरं लिहितो, तुमच्या नावानिशी.

बाई : नाव घेऊन काय करू? त्या दिवशी माझी धाकटी तापाने फणफणली होती, म्हणून लक्ष नव्हतं. 'तुझ्यापायी नोकरी गेली माझी,' असं पुढे एकदा रागात बोलून गेले तिला. नऊ वर्षांची होती. अजून घरात काही बिघडलं की आधी तीच म्हणते, माझंच चुकलं असेल.

साहेब : मला... हे माहीत नव्हतं.

बाई : कसं असणार? उठू नका. कामावरून येईलच ती एवढ्यात.

साहेब : मी काय बोलू तिच्याशी?

बाई : छापायचं ते नंतर छापा. आधी तिला सांगा.