मागून म्हणणारी

नही, पंखा नका लावू ताई — मिरच्यांची धूळ उडेल. बसा तिकडे खाटेवर. आत्याबाईंचा आत्ताच डोळा लागलाय, उठतील. सासू आहेत माझ्या, पण आत्याबाईच म्हणते मी. निर्मलाबाई फक्त तुमच्या अल्बमवर. मी देठं खुडत खुडत बोलते हां, उद्या माल नंदुरबारला न्यायचा शे.

ऐकला ना अल्बम. काजलनं, माझ्या पोरीनं, मोबाइलवर लावला. आमच्याच अंगणात गायलो, सगळं रनाळे गाव समोर बसलेलं, तरी ऐकताना वाटतं लांब माळावर कोणी गातंय. तुमच्या सरांच्या त्या बटणांच्या, विजेच्या पेटीचं ते गुं-गुं — अँबियंट ना ते? — त्यात आत्याबाईंचा आवाज कसा वर येतो, खणखणीत! आणि मागं तो वारा… तोच सगळ्यांना आवडला म्हणे? कोणत्या मशीनचा, विचारतात? मशीनचा कसला? मी शे ती, ताई.

हां, मी. हळदीची गाणी आमच्याकडे दोघी म्हणतात — पुढची म्हणते, मागची उचलते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी आत्याबाईंच्या मागं. त्यांना दम लागला की मी सूर ओढून धरायचा, बस. पण त्या दिवशी नेमके जेठ पुढ्यात बसलेले — हेमकांतदादा, नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलत नही आम्ही, गाणं तर लांबच. मग काय करणार? तोंडावर पदर घेतला न् पदरातूनच म्हटलं. सर म्हणत होते, वहिनी, माइकजवळ या, पदर बाजूला घ्या — मी मानच हलवली. आवाज दबका आला. सरांनी तो ताणला, लांबवला, वारा करून टाकला. त्यांचं काय चुकलं? काही नही चुकलं.

पण वाईट वाटनं मले. खोटं कशाला बोलू? काजलले म्हटलं, देख, हाई मी शे. ती म्हणे, मम्मी, कुठं? पोटनी पोरले वळखता नही उना मन्हा आवाज.

थकले हो मी. जाऊ द्या. पुण्याला कार्यक्रम शे ना, स्टेजवर? आत्याबाईंना न्या, पण त्यांचा दम आता पुरत नही. कुठं तुटेल ते मला त्यांच्या गळ्याकडे बघून कळतं. तुमची पेटी मागं म्हणेल, मन्हाच आवाजमा म्हणेल — पण ती त्यासनाकडे बघेल का? म्हणून… साडी काढून ठेवलीय मी. जाऊबाईंकडून दादांनाबी विचारलं, जा म्हणाले. पुण्यात कोण बसलंय पुढ्यात? पदर खांद्यावर ठेवून म्हणेन, मोकळ्या गळ्यानं —

काय? तिकीट दोघींचं काढलंय? मन्हंबी? तरी मी म्हणतच होते, सर विसरणार नही —

सोबत म्हणून?

हां. गोळ्या द्यायला. न्हाणीत न्यायला. हां, बरोबर शे, त्यांना एकटं कसं पाठवणार?

नही नही, राग कसला. येईन ना. त्यांचा दम तुटेल तेव्हा पिशवी धरून उभी राहीन बाजूला. उठल्या वाटतं त्या. जा ताई, आत जा — त्यांच्याशीच बोला.