साहेबांचं पोट

...आणि वर मलाच विचारतात, तू काय केलंस त्याला? मी काय करणार हो? मासा आहे तो, त्याला मी वाईट संगत लावली की काय? तुम्हाला सांगतो, मी कॉलेज सोडल्यापासून आमच्याकडे नळ गळला तरी आधी माझ्याकडे बघतात. गेल्या आठवड्यात एका सकाळी आमचा मासा एका कुशीवर तरंगताना सापडला, पोट टम्म, एक डोळा छताकडे, दुसरा तळाकडे... आणि घरातल्या तिघांचे सहाही डोळे माझ्याकडे!

मासा म्हणजे आमचे 'साहेब'. केशरी, गुबगुबीत. नाव आत्याने ठेवलं, कारण तो दिवसभर गोल फिरतो, सगळ्यांकडे रोखून बघतो आणि काम काडीचं करत नाही. बाबा कचेरीत साहेबच आहेत, त्यांना हे नाव झोंबतं. पण आत्या त्यांची थोरली बहीण, तिच्यापुढे त्यांची बोलायची छाती नाही. तिथलं उरलेलं सगळं बोलणं माझ्यासाठी राखीव. म्हणाले, "टाकी तुझ्या ताब्यात होती. हा मेला, तर सोमवारी मुकाट्यानं कॉलेजात नाव घालायचं. एक मासा सांभाळता येत नाही आणि म्हणे स्वतःच्या डोक्यानं जगणार."

झालं! माझं अख्खं आयुष्य त्या माशाच्या पोटात जाऊन बसलं. आणि खरं सांगू? कॉलेज गेलं चुलीत, पण या घरात 'पुढे काय ठरवलंयस' असं न विचारणारा तो एकटाच जीव आहे.

मी म्हटलं, अहो, त्याला अपचन झालंय. टाकी मी धुतो, तळाशी किती दाणे कुजत पडलेत ते मी बघतो. पोट फुगलं की याचा तोल जातो. दोन-तीन दिवस काही घालू नका, मग वाटाणा उकडून, साल काढून, बारीक करून भरवू, होईल मोकळा. पण माझं ऐकतंय कोण? मी पडलो कॉलेज सोडलेला!

बाबांचं निदान थंडी. त्यांनी टाकीला स्वतःचा मफलर गुंडाळला. हो, मफलर! टाकीला घसा कुठे असतो, हे विचारायची सोय नाही. आईचं निदान अशक्तपणा, आडवा पडलाय म्हणजे अंगात त्राण नाही, काहीतरी पोटात जायला हवं. आत्याचं निदान एकटेपणा. तिने आपला हातातला आरसा काचेला टेकवून ठेवला, जिवाला जिवाची सोबत म्हणून. साहेबांनी आरशात पाहिलं, तर तिथेही एक मासा आडवा! आता याने धीर येईल की उरलासुरला जाईल, तुम्हीच सांगा.

मग आत्याने शेजारच्या काकांना बोलावलं. काका डॉक्टर आहेत... दातांचे. आले, बॅटरी काढली, टाकीवर ओणवे झाले आणि सवयीने म्हणाले, "हं, आ करा." साहेबांनी आ केला. तो दिवसभर दुसरं करतो काय? काकांनी नीट बघितलं आणि सांगितलं की जबडा उत्तम आहे. घरात केवढं हायसं वाटलं! जाता जाता दारातून म्हणाले, पोट जड दिसतंय, दोन दिवस लंघन करू द्या. लगेच बाबा माझ्यावर खेकसले, "ऐकलंस? खायला घालायचं नाही! याला अनुभव म्हणतात." अहो, मी सकाळपासून दुसरं काय बोंबलत होतो? पण माझं ऐकतंय कोण?

तर लंघन सुरू झालं. आणि साहेबांचं पोट आणखी फुगलं! आता न खाता कुणाचं पोट वाढतं का? मी पुस्तकांच्या कपाटाआड स्टूल टाकून दबा धरून बसलो. आधी आई आली, इकडेतिकडे बघून चिमूटभर दाणे टाकले, पुटपुटली, "बिचाऱ्याला या घरात कुणी विचारत नाही." ती गेली तशी आत्या. चिमूट जरा मोठी. "बिचाऱ्याला कुणी विचारत नाही रे..." आणि मग, तुम्हाला सांगतो, खुद्द बाबा! चपला हातात घेऊन! मफलर बाजूला सारून मूठ उघडली आणि म्हणाले, "खा. त्या दोघींना कळू देऊ नकोस."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आज नव्हे, कायमच प्रत्येकजण त्याला गुपचूप भरवत आलाय. हा माणूस दिसला की काचेशी येऊन तोंड उघडतो, आणि जो तो समजतो, हा मलाच ओळखतो, बाकीचे सगळे निर्दय!

मी दाण्यांचा डबा उचलला आणि कॉलेजच्या दप्तरात लपवला. ते कुणी उघडत नाही. मी तर कधीच उघडलं नव्हतं. दोन दिवस तिघेही डबा शोधत होते, पण एकमेकांना विचारायची चोरी. तिसऱ्या दिवशी वाटाणा भरवला. संध्याकाळी साहेबांनी अशी काही लांबलचक घाण केली की मी स्टुलावर उभा राहून टाळ्या वाजवल्या. काल सकाळी बघतो तर गडी सरळ, ताठ, गोल फिरतोय.

आता कुणी म्हणेल, शाबास. म्हणालं कुणी? छे! आत्या आरसा पुसत बसली, आईने काकांना फोन करून आभार मानले. बाबा टाकीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बघा, उपाशी ठेवलं की सगळे ताळ्यावर येतात." मग वळून माझ्याकडे बघितलं. "कॉलेजचं नको तर राहू दे. पण कामधंदा शोधेपर्यंत तुझं जेवण बंद!"

बंद तर बंद. मी तोंड फिरवून कोचावर पडलो. थोड्या वेळाने आई आली, पदराआड अंडी आणि पाव. "बिचाऱ्याला कुणी विचारत नाही." मागून आत्या, पर्समधून केक. शेजारचे काका जिन्यात गाठून लिमलेटच्या गोळ्या देऊन गेले... दातांचे डॉक्टर! आणि शेवटी चपला हातात घेऊन बाबा. उशाशी केळी ठेवली, माझ्याकडे न बघता म्हणाले, "खा. त्या दोघींना कळू देऊ नकोस."

नाही म्हणवत नाही हो कुणाला.

आता मी असा एका कुशीवर, पोट टम्म, एक डोळा छताकडे. समोर साहेब काचेला नाक लावून माझ्याकडे टक लावून बघतोय. मला नेमकं काय झालंय ते या घरात त्या एकट्याला कळलंय. पण त्याचं तरी ऐकतंय कोण? तोही कॉलेजला गेलेला नाही.