दुसऱ्या कडव्याची जागा

मंडळी, आधी एक सांगा — शत्रू मेला, म्हणजे त्यानं घातलेलं विषही संपलं का? लगेच मान डोलवू नका! मागच्या काकू, प्रसाद कुठं पळत नाही. ऐका!

ते बघा आपले बाळनाथ गुरव, खांबाला टेकून सनई पुसतायत. रामजन्माचा पाळणा ते वाजवतात आणि दुसरं कडवं त्यांची नऊ वर्षांची लेक आवडी गायची. एकटी! पोर एवढीशी, आवाज शिखरापर्यंत!

एका फाल्गुनात तिला घटसर्प झाला. लहानपणीची सुई राहिली होती — 'पोर रडते, पुढच्या वेळी बघू!' घशात राखाडी पडदा धरला, आवाज गेला. इस्पितळात औषध दिलं. आठव्या दिवशी पडदा सुटला आणि पोर बोलली, "बाबा, पाणी." तेवढ्यावर बाप ढसाढसा रडला!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, गळा सुटलाय, काळीज नाही. अजून तीन आठवडे हिला उठवायचं नाही."

"जंतू मेले ना?"

"मेले. पण त्यांनी विष सोडलंय. रक्तातलं औषधानं धरलं. पेशीत शिरलेलं धरता येत नाही."

पेशी म्हणजे काय? अंगातली इवली इवली घरं, मंडळी! प्रत्येक घरात चूल. विष दाराशी येतं, घर त्याला आपलं माणूस समजून आत घेतं. ते भिंत पाडत नाही, आरडाओरडा नाही — गुपचूप चूल विझवतं! घर उपाशी मरतं. पोरीच्या काळजात अशी किती घरं विझत होती, कुणाला दिसणार?

बाळनाथांना दिसत होती चार दिवसांवरची रामनवमी. "एकच कडवं, बाई! कडेवर नेतो, कडेवर आणतो." कुणाचं ऐकलं नाही.

देवळाच्या दारात पोर म्हणाली, "बाबा, खाली ठेव. देवापुढं कडेवर काय जायचं?" पाच पायऱ्या चढली. पाळणा सुरू झाला. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ गायली... आणि खाली बसली. लोकांना वाटलं, दमली. पुन्हा उठली नाही, मंडळी.

काल बाळनाथ म्हणाले, "महाराज, यंदा सांगा. दुसऱ्या कडव्याला मी थांबतो. लोकांना वाटतं, म्हातारा दम घेतोय."

आता बारा वाजतील. सनई थांबेल. दम नाही घेत ते — वाट बघतात! तेवढा वेळ कुणी खोकू नका. मांडीवरच्या आपल्या लेकराकडे बघा... आणि आठवा, त्याची कुठली सुई राहिलीय.