दुपट्यातले पासपोर्ट

(टेलरबाईंची शिवणाची खोली. दोरीने करकचून बांधलेल्या दोन मोठ्या बॅगा दाराशी. समोरच्या स्टुलावर त्यांच्या विहीणबाई, रिटायर्ड मेट्रन, हातात यादी घेऊन बसल्या आहेत. पावणेचार वाजलेत, टॅक्सी चारला येणार.)

मेट्रनबाई : ...आणि बुधवारी संग्रहालय. नऊ ते साडेबारा. मग अर्धा तास पाय वर करून बसायचं.

टेलरबाई : अहो विहीणबाई, सोमवारी राजवाडा, मंगळवारी नदीवरचे पूल, बुधवारी संग्रहालय. मग लेकीशी बोलायचं कधी?

मेट्रनबाई : गुरुवारी, चार ते सहा. हे काय, लिहिलंय.

टेलरबाई : वॉर्डात पेशंटला भेटायची वेळ असते, तशी?

मेट्रनबाई : शिस्त नसली की माणसं नुसती गप्पा छाटत बसतात. युरोपातली एवढी मोठी राजधानी, उठसूट जाणं होणारे का? सूनबाईला नववा लागला की मी तिच्याजवळून हलणार नाही. काय बघायचं ते पहिल्या आठवड्यात.

टेलरबाई : मी आपली दुकानांच्या काचेतले कोट बघेन. तिकडे बाह्या कशा बसवतात, तेवढं बघायचंय मला.

मेट्रनबाई : शुक्रवारी दहा मिनिटं घालते. आता विमान. साडेनऊ तासांचा प्रवास आहे. दर दोन तासांनी उठून फेरी मारायची, नाहीतर पाय सुजतात. पाणी मी सांगेन तेव्हा प्यायचं. खिडकी माझी.

टेलरबाई : ती का म्हणून?

मेट्रनबाई : तुम्हाला सारखं उठावं लागतं. व्हिसाच्या रांगेत तीनदा तुमचा नंबर धरून उभी होते मी.

टेलरबाई : मेली रांगच तशी, मारुतीच्या शेपटासारखी! माणूस करणार काय?

मेट्रनबाई : बरं, सकाळी बॅगेचं वजन करताना तुमचं ते बाळाचं दुपटं हाताला लागलं. इतकं कडक का ते? खळ घातलीत? बाळाचं अंग कोवळं असतं हो.

टेलरबाई : खळ कशाला घालू? तीन थर आहेत आत. लेकीच्या फ्रॉकांची चिंधी न् चिंधी जपून ठेवली होती, ती सगळी त्यात लावलीय. पहिल्या झबल्यापासून ते...

मेट्रनबाई : बरं बरं. कागदपत्रं. तिकिटं माझ्याकडे. विम्याचे कागद माझ्याकडे. पासपोर्ट तुमच्याकडे. द्या.

टेलरबाई : आत्ता?

मेट्रनबाई : मग काय उतरल्यावर? माझ्या घरी रंगकाम काढलंय म्हणून विश्वासाने दोन्ही तुमच्याकडे दिले.

टेलरबाई : डोळ्यांत तेल घालून सांभाळा म्हणालात.

मेट्रनबाई : सांभाळलेत ना?

टेलरबाई : असे सांभाळलेत की ब्रह्मदेवालासुद्धा सापडायचे नाहीत.

मेट्रनबाई : त्याला कुठे जायचंय? मला सापडू देत.

टेलरबाई : आधी मी ते माझ्या कोटाच्या अस्तरात शिवले.

मेट्रनबाई : शिवले?

टेलरबाई : मग म्हटलं, कोट चांगला आहे, कुणी लांबवला तर? म्हणून उसवून काढले आणि दुपट्यात घातले. बाळाच्या दुपट्याला कोण हात लावतंय?

मेट्रनबाई : विहीणबाई, दुपटं बॅगेत आहे. बॅग विमानाच्या पोटात जाणार.

टेलरबाई : म्हणजे आणखीनच सुरक्षित!

मेट्रनबाई : अहो, पासपोर्ट आधी दाखवायचा असतो! दारात दाखवायचा, बॅगा देताना दाखवायचा, मग शिक्का, आणि मग कुठे विमान!

टेलरबाई : अगंबाई! मला वाटलं, तिथे पोचल्यावर दाखवायचा. पाहुणा दारात आला की विचारतात ना, कोण तुम्ही? आपल्याच घरातून निघताना कोण विचारतं?

मेट्रनबाई : चौतीस वर्षांत माणसांच्या पोटातून काय काय निघालेलं पाहिलं मी. नाणी, पिना, एकदा तर कपाटाची किल्ली. पण दुपट्याच्या पोटात पासपोर्ट! सोडा ती दोरी.

टेलरबाई : सात गाठी मारल्यात. निरगाठी.

मेट्रनबाई : व्हा बाजूला. ... हं. घ्या, सुटली. काढा दुपटं. कात्री द्या. ही नको, ही पडदे कापायची, बारीक द्या.

टेलरबाई : तुम्ही नका उसवू हो, माझं मी...

मेट्रनबाई : तुम्ही शिवायचं, उसवायचं मी. टाके काढण्यात जन्म गेला माझा. पण टाके आहेत कुठे? दिसतच नाहीत!

टेलरबाई : दिसले तर मी शिवलं काय? त्या पिवळ्या फुलाच्या कडेकडेने जा. हळू. ते तिच्या बारशाचं कापड आहे.

मेट्रनबाई : श्वास घ्या. पेशंटला काही होत नाही. ... आला! हा माझा. आता तुमचा?

टेलरबाई : तो समोरच्या कोपऱ्यात. तो राहू द्या.

मेट्रनबाई : राहू द्या म्हणजे?

टेलरबाई : तुम्ही निघा. उशीर होईल. दुपटं तेवढं लेकीला द्या.

मेट्रनबाई : तुमच्या पासपोर्टासकट?

टेलरबाई : तो नंतर पोस्टाने पाठवून द्या.

मेट्रनबाई : डोकं फिरलंय का? काय झालं ते नीट सांगा.

टेलरबाई : खरं सांगू? महिनाभर मनात हेच घोळतंय. बाळंतपण तुम्ही बघणार. डॉक्टरांशी बोलणार तुम्ही. राजधानी दाखवणार तुम्ही. मी तिथे जाऊन काय करू, भांडी घासू? लेकीने बोलावलंय ते तुम्हाला. मला आपलं, आई आहे, वाईट वाटेल, म्हणून.

मेट्रनबाई : असं कोण म्हणालं?

टेलरबाई : कुणी म्हणायला कशाला हवं? पहिला फोन तुम्हाला आला, मला नाही.

मेट्रनबाई : बसा. नाहीतर उभ्याच राहा, वेळ नाही. फोन मलाच आला, खरंय. मी म्हटलं, सूनबाई, अजिबात घाबरू नकोस, मी येते. तर म्हणते कशी, आई, तुम्हाला नाही जमलं तरी चालेल, पण माझ्या आईला आणा.

टेलरबाई : असं म्हणाली? तोंडावर?

मेट्रनबाई : अगदी तोंडावर. दोन दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली. शेकड्यांनी बाळं या हातांवर जन्मली, आणि माझ्याच नातवंडाचं माझ्यावाचून काही अडत नाही! मग मीच विचारलं, तुझी आई एकटी विमानात बसेल का गं? तर म्हणाली, नाही ना, म्हणून तर तुमचं तिकीट काढलंय. सोबत म्हणून.

टेलरबाई : तुम्ही माझी सोबत?

मेट्रनबाई : हो. मी तुमची सोबत. झालं समाधान?

टेलरबाई : आणि महिनाभर मला बोलला नाहीत ते!

मेट्रनबाई : मेट्रन होते मी, विहीणबाई. साठ-साठ नर्सेस माझ्या हाताखाली. सोबत म्हणून चाललेय, हे कोणत्या तोंडाने सांगू? काहीतरी काम हवं ना मला, म्हणून ही यादी करत बसले. ... लाल तुकड्याच्या कडेने उसवू?

टेलरबाई : लाल नको, तो शाळेच्या पहिल्या दिवशीचा. फार रडली होती त्यात. शेजारच्या निळ्यावरून जा.

मेट्रनबाई : डोळे पुसा आधी, नाहीतर पासपोर्टावर पाणी पडेल. ... हा घ्या. निघाला.

टेलरबाई : हात चांगला आहे हो तुमचा. एक धागा ओढला गेला नाही. पण असं उसवलेलं दुपटं कसं नेऊ?

मेट्रनबाई : सुईदोरा मोठ्या बॅगेत टाका, जवळ ठेवू देत नाहीत. तिथे जाऊन शिवायचं.

टेलरबाई : मग खिडकी आता कुणाची?

मेट्रनबाई : माझीच! सोबत असले म्हणून काय झालं? चला, हॉर्न वाजतोय. पासपोर्ट हातात धरा. कुठेही शिवू नका.

टेलरबाई : थांबा हो. सोमवारी तर राजवाडा लिहिलाय तुम्ही. दुपटं शिवू कधी?

मेट्रनबाई : राजवाडा काय पळून जातोय? सोमवारी तुम्ही मायलेकी बसा. दुपटं शिवा, काय बोलायचं ते पोटभर बोला.

टेलरबाई : आणि तुम्ही काय करणार?

मेट्रनबाई : भांडी घासते.