काही नाही, एवढाच निरोप

माझी बायको नीता गेली तो मंगळवार अगदी साधा होता. ऑफिसात मी एक अडकलेलं सिम्युलेशन सोडवत बसलो होतो. चिप बनण्याआधी आम्ही तिची नक्कल चालवतो. चिपचे चार भाग चार कॉम्प्युटरवर, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. एक जरी गप्प बसला, तरी बाकीचे तिघं थांबतात. त्याचा निरोप मागाहून आला तर काय, ही भीती. म्हणून सांगायला काही नसेल त्यालाही कळवावं लागतं, 'माझ्या घड्याळात दहा होईपर्यंत माझ्याकडून काही नाही, तुम्ही चला पुढे.'

महिनाभर आधी घरून मी हेच एका नव्या सहकाऱ्याला फोनवर समजावत होतो. नीता ताट वाढता वाढता ऐकत होती.

"अच्छा! मग तुम्ही काहून नाही कळवत हो? मी इथं भात झाकून वाट पाहून राहते."

"अगं, सांगण्यासारखं काही नसतं ना."

"तेच तर कळवायचं असते म्हणता!"

मी हसलो. "उद्यापासून नक्की."

"चलो, पाहू."

तर त्या मंगळवारी संध्याकाळी दोष सापडला. तिसरा कॉम्प्युटर निरोपच पाठवत नव्हता. दोन ओळी लिहिल्या आणि चौघं चालू लागले. मी खूश. तेवढ्यात आमच्या कांचघर मोहल्ल्यातून शेजाऱ्यांचा फोन आला, "भैया, जल्दी आइए, भाभीजी गिर गई हैं."

पोचलो तोवर संपलं होतं. ओट्यावर भात झाकलेला होता.

कॉम्प्युटरला ती रीत शिकवायला पंधरा मिनिटं लागली. नीताला तसा निरोप मी एकदाही पाठवला नाही.