पुढची चार

हरणं सोलायच्या सुऱ्यांना धार लावायचा दगड घेऊन सायला गावच्या एकुलत्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारी आपल्या भाच्याला, वाटाड्या उयारकला, विचारत होती.

"काय काय दिसलं रे पाहुण्यांना टुंड्रावर?"

"कस्तुरी-बैल, पांढरा कोल्हा, घुबडं. कॅरिबू हरणं मात्र चारच, आत्या."

"कुठं?"

"नदीच्या उताराला, पाणी उथळ आहे तिथं. पाहुणे फोटोला उठले, तशी माघारी पळाली."

"त्या चार हरणांआधी दुसरी कुठली नदी ओलांडून आली होती?"

उयारक पिशवीत सामान भरू लागला.

"तुला विचारतेय मी!"

"नाही."

"पुढच्यांना अडवायचं नसतं, सगळा कळप त्यांच्यामागं येतो, हे बापानं शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं."

"मग आता हिवाळाभर गावाला फोटो शिजवून घाल!"

सायलाने दगड गुपचूप फळीवर परत ठेवला.