एका शिडीवरच्या जावा

—नीट धर गं शिडी! वरून सगळं दिसतं मला, एका हाताने धरतेस नि दुसऱ्याने मान खाजवतेस. ए, हलवू नकोस! एकदा हलवलीस म्हणजे ‘हो’, दोनदा हलवलीस म्हणजे ‘मर’ — कळतं बरं मला तुझं बोलणं. नाही बोलायचं तर राहिलं. कोर्टात साहेबांपुढे ठणकावून सांगितलंस ना, या थोरल्या जावेशी मरेपर्यंत बोलणार नाही म्हणून? नको बोलूस. मी दोघींचं मिळून एकटी बोलते. चौथीत शाळा सुटली माझी, तोंड काही मिटलं नाही.

आणि भांडलो कशावरून? नळावरून! नळ एक, जावा दोन. बादली कोणी फेकली — मी म्हणते तू, तू म्हणतेस मी — लागली मात्र नगरपालिकेच्या मीटरवाल्याला. बिचारा आकडा बघायला वाकला होता. जज्जसाहेब मोठे हुशार, म्हणाले, तुरुंगात कशाला, समाजसेवा करा. ज्या नगरपालिकेच्या माणसाचं डोकं फोडलंत, तिच्याच दवाखान्याची भिंत रंगवा, दोघी मिळून. आणि नगरपालिकेने दिलं काय? निळ्या रंगाचे डबे दोन, ब्रश दोन, शिडी एक! मुकादमाला म्हटलं, दादा, दुसरी शिडी? तर म्हणतो, मावशी, ती दिव्यांच्या खात्यात गेलीय, एक चढा, एक धरा. म्हणजे जिचं तोंड बघायचं नाही, तिच्याच हातात जीव द्यायचा! मला वाटलं, ही पहिल्याच दिवशी मला खाली आणते. नाही आणलंस. उलट उन्हाने घेरी आली तेव्हा पाय असा धरलास, की नखं रुतली — आता पाय म्हणून धरलास की मान समजून, ते तुझं तुला माहीत.

संपलंच म्हणा आज. मुकादम येणार, भिंत बघणार, कोर्टाला कळवणार, की सुटलो. सुटलो म्हणजे काय? तुझं दार बंद, माझं दार बंद, मध्ये आपल्या नवऱ्यांनी घातलेली भिंत. रात्री खोकतेस ते ऐकू येतं तिच्यातून. म्हणजे कान लावून नाही हं बसत मी — आपलं जाता जाता. काढा घे जरा.

तरी बरं, या दवाखान्याच्या भिंतीचा रंग टिकत नाही. संध्याकाळी लावावा, सकाळी पोपडे. मुकादमाने इंजिनिअर आणला, त्याने टिचकी मारली, कान लावला, म्हणाला, ओल आहे. या उन्हात ओल! हसू आवरेना, हात कोंबला मी तोंडात. अगं, ओल कसली, मीच तर — हं. निघालंच तोंडातून, आता ऐक. तू ब्रश धुवायला गेलीस, की मी जेवणाच्या डब्यातल्या चमच्याने खरवडते. थोडंसंच, उजवा कोपरा. चार दिवस वाढले तर कोणाचं काय गेलं? मुकादमाला सांगणार असशील तर सांग, त्याच्याशी कुठे अबोला आहे तुझा! मला आत टाकतील, मग नळ तुझा एकटीचा. पण खरं सांगू, मी खरवडायची चार बोटं नि सकाळी निघालेलं असायचं हातभर. म्हटलं, शिकलेला माणूस आहे इंजिनिअर, असेलही ओल...

थांब. हे डावीकडे काय? डावीकडे मी हातसुद्धा लावला नाही. आणि इतकं खाली, बुटक्या माणसाच्या हाताला येईल असं? रोज सकाळी माझ्याआधी येऊन बसलेली असतेस — मी म्हणायची, कामाची काय हौस बाईला! वर बघ. वर बघ म्हणते ना! केसांत निळं निळं काय अडकलंय गं तुझ्या?

अगं, शिडी! एकदा नाही, दोनदा नाही, थांबतच नाही की हलायची — हसतेस होय? हसतेस की... ए धाकटे. ए बये, रडू नकोस, पडेन ना मी.

मुकादम आला. पूस, तोंड पूस आधी. तो निळा पापुद्रा काढ केसांतला.

— या दादा, या! बघा, परत ओल आली, या खेपेला दोन्ही कोपऱ्यांना! लागतील अजून आठ दिवस. आणि हिला सांगा शिडी घट्ट धरायला. मला नाही बोलायचं हिच्याशी!